घरून काम करणाऱ्या नव्या बाबांसाठी: काम पण नीट आणि पोरं पण

घरून काम मिळालं की बहुतेक बाबांना वाटतं, चला, जायचा-यायचा वेळ वाचला, तो सगळा पोरांना देता येईल आणि काम पण आरामात होईल. पहिले काही दिवस तसं वाटतं पण. मग हळूहळू दुपारी मांडीवर पोरगं, कानात मीटिंग, स्क्रीनवर एक डोळा आणि रात्री अकराला उरलेलं काम उघडून बसायचं, असं रुटीन कधी लागतं ते कळत पण नाही. ऑफिसला वाटतं हा कामात नाही, घरच्यांना वाटतं हा घरात असून घरात नाही, आणि दोघांचंही खरं असतं.

हा लेख नव्याने रिमोट जॉब सुरू केलेल्या बाबांसाठी आहे, घरात साधारण दहा-बारा वर्षांपर्यंतची मुलं असलेल्या. माझं ठाम मत एकच आहे की दिवसातला प्रत्येक तास एकतर पूर्ण कामाचा असावा किंवा पूर्ण पोरांचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: कामाच्या तासांत मूल कोणाकडे, हे आधी ठरवा

बाकी काही करायच्या आधी हे. दीड वर्षाचं मूल आणि जबाबदारीचं काम एकाच माणसाने एकाच वेळी सांभाळणं जमत नाही, कितीही हुशार आणि शांत माणूस असला तरी. त्यामुळे तुमच्या कामाच्या वेळेत मूल जोडीदाराकडे आहे, आजी-आजोबांकडे आहे, पाळणाघरात आहे, सांभाळणाऱ्या ताईंकडे आहे की शाळेत आहे, याचं उत्तर तासागणिक पाहिजे. हे उत्तर नसेल तर कुठलंही अ‍ॅप आणि कितीही भारी हेडफोन घेतले तरी उपयोग नाही.

सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ मध्ये यावर एक चांगला अभ्यास मांडला होता, की माणूस एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळला की त्याच्या लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम त्यामुळे कच्चं होतं. हे फक्त ऑफिसच्या कामाला लागू आहे असं समजू नका. अर्धवट लिहिलेला ईमेल डोक्यात ठेवून पोरीबरोबर ठोकळे रचायला बसलात तर तिला ते दोन मिनिटांत कळतं, ती तुमची हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवते, आणि तुम्ही 'हो हो, छान' म्हणत असता पण काय छान ते तुम्हाला माहीत नसतं.

पायरी २: जोडीदाराबरोबर बसून ड्युटी लावा

रविवारी रात्री पोरं झोपल्यावर अर्धा तास बसायचं, दोघांची कॅलेंडरं उघडायची आणि पुढच्या आठवड्यातला प्रत्येक दिवस तुकड्यांत वाटायचा. कुठल्या तुकड्यात कोण 'ड्युटीवर' ते लिहून काढायचं. बोलणं साधारण असं झालं पाहिजे:

'मंगळवारी साडेदहा ते साडेअकरा माझा क्लायंट कॉल आहे, तेव्हा मी अजिबात नाही. साडेअकरा ते एक मी बाळाला घेतो, जेवण-झोप सगळं माझ्याकडे.'

'मग माझं प्रेझेंटेशन साडेअकराला ठेवते. पण दुपारी डॉक्टरकडे कोण नेणार?'

'मी नेतो, चारनंतर माझी मीटिंग नाहीये.'

इतकं स्पष्ट. 'बघू, जमेल तसं करू' असं ठेवलं की काय होतं ते सांगतो, जो माणूस मुलाच्या रडण्याला आधी उठतो त्याच्यावरच सगळं पडतं, आणि बहुतेक घरांत ती आई असते, ती नोकरी करत असली तरी. बाबा दाराआड कामात आहे आणि आई लॅपटॉप मांडीवर घेऊन पोराच्या मागे पळतेय, हे घरून काम करणाऱ्या कुटुंबांत खूप होतं आणि त्यातूनच भांडणं होतात.

दुसरं म्हणजे ड्युटीवर असताना सगळी जबाबदारी तुमची. 'याचे मोजे कुठे आहेत', 'हिला आता काय खायला देऊ' असं दर दहा मिनिटांनी दार ठोठावून विचारत असाल तर तिचा तो तास तिला मिळालाच नाही. म्हणून मी तर म्हणतो काही कामं पूर्ण अंगावरच घ्या, लसीकरणाच्या तारखा, शाळेचे फॉर्म आणि मेसेज, लहान झालेले बूट-कपडे बदलणं. ही न दिसणारी कामं असतात, आणि ती लक्षात ठेवायचा ताण प्रत्यक्ष करायच्या कष्टाइतकाच असतो, तो पण वाटला गेला पाहिजे.

दोघंही घरून काम करत असाल तर अजून एक नियम ठेवा: दोघांचे महत्त्वाचे कॉल एकाच वेळी येणार नाहीत हे आदल्या रात्री तपासायचं. दोन मिनिटांचं काम आहे. आणि एकटे बाबा असाल तर ही पायरी जोडीदाराऐवजी आजी-आजोबा, बहीण, शेजारी, पाळणाघर यांच्याबरोबर करायची, आणि एक बॅकअप माणूस नक्की पाहिजे, ज्याला तुम्ही ऐनवेळी फोन करू शकता.

पायरी ३: जागा आणि दार

वेगळी खोली असेल तर उत्तम. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीत घरून कामाचा एक प्रयोग केला होता, कॉल सेंटरच्या लोकांवर, नऊ महिने चाललेला. त्यात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, आणि हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. पण त्या प्रयोगात भाग घ्यायला घरी कामाची स्वतंत्र जागा आणि ब्रॉडबँड असणं ही अट होती, हे कोणी सांगत नाही. म्हणजे तो फायदा तशी जागा असलेल्या लोकांचा आहे.

दाराला कडी पाहिजे, आणि व्हिडिओ कॉलच्या आधी ती लावायची सवय पाहिजे. २०१७ मध्ये रॉबर्ट केली नावाचे प्राध्यापक दक्षिण कोरियातल्या आपल्या घरून बीबीसीला लाइव्ह मुलाखत देत होते आणि त्यांची मुलगी नाचत खोलीत आली, मागून वॉकरमध्ये बाळ, आणि त्यांच्या मागे धावत आई. दार लॉक करायचं राहिलं होतं एवढंच. जगाने ते फार प्रेमाने घेतलं, आणि तुमचे सहकारी पण एखाद्या वेळी प्रेमानेच घेतील, पण रोज होत असेल तर नाही.

वेगळी खोली नसेल तर एक कोपरा ठरवा आणि तो रोज तोच ठेवा. पाठ खोलीकडे नको, भिंतीकडे ठेवा, म्हणजे कॅमेऱ्यात घर दिसणार नाही, त्यासाठी टेबल भिंतीपासून थोडं पुढे ओढून घ्या. बेडवर बसून काम करू नका, पाठ तर जातेच, शिवाय पोरांच्या दृष्टीने बेडवर बसलेला बाबा म्हणजे खेळायला मोकळा बाबा. स्क्रीनचा वरचा कडा डोळ्यांच्या रेषेत, साधारण हातभर अंतरावर. राउटर लांब असेल तर केबल टाका, आणि नेट गेलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट कसा लावायचा हे आधीच एकदा करून बघा. बस, जागेचं एवढं पुरे, यावर लोक उगाच खूप पैसे घालवतात.

पायरी ४: मुलांना शिकवा, वयाप्रमाणे

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि सगळ्यात जास्त धीर इथेच लागतो.

वर्षाच्या आतलं बाळ: याला काही समजावता येत नाही. साधारण आठ-नऊ महिन्यांनंतर बाळांना ओळखीचं माणूस नजरेआड गेलं की भीती वाटायला लागते, ते त्या वयाचं नॉर्मल आहे. अशा वेळी तुमचा आवाज बंद दारामागून ऐकू येतो पण तुम्ही दिसत नाही, हे बाळाला जास्त त्रासाचं होतं. शक्य असेल तर तुमचे लांब कॉल असताना सांभाळणाऱ्या माणसाने बाळाला बाहेर फिरवून आणावं किंवा घराच्या दुसऱ्या टोकाला न्यावं. आणि बाळाच्या झोपेच्या भरवशावर मीटिंग लावू नका. दुपारची झोप पंधरा मिनिटांचीही होते आणि दोन तासांचीही, शिवाय दोनाची एक झोप होते, मग काही वर्षांत तीही बंद होते, दर थोड्या महिन्यांनी सगळं गणित बदलतं. झोपेच्या वेळेत अशी कामं ठेवा जी मधेच सोडली तरी चालतील.

एक ते तीन: यांना घड्याळ कळत नाही पण खूण कळते आणि क्रम कळतो. दारावर एक पुठ्ठा लटकवा, एका बाजूला लाल गोल, दुसऱ्या बाजूला हिरवा. तो पोराकडूनच रंगवून घ्या, हे महत्त्वाचं आहे, कारण स्वतः रंगवलेल्या वस्तूबद्दल त्यांना वेगळंच वाटतं. मग रोज सकाळी कामाला बसताना पुठ्ठा त्यालाच उलटवायला द्यायचा, 'आता लाल कर, बाबा कामाला चालले', मिठी मारायची, टाटा करायचा आणि दार लावायचं. गुपचूप सटकू नका! मूल दुसरीकडे बघतंय तेवढ्यात पळून जाणं सोपं वाटतं पण त्याने मूल जास्त चिकटतं, कारण बाबा कधीही गायब होऊ शकतो हे त्याला कळतं. टाटा केल्यावर रडलं तरी चालेल, ते थांबतं.

आणि पुठ्ठा हिरवा झाला की खरंच बाहेर या. सांगितलेल्या वेळेला बाहेर आलात तर दोन-तीन आठवड्यांत मूल त्या खुणेवर विश्वास ठेवतं. 'पाच मिनिटं' म्हणून अर्धा तास लावलात की त्या पुठ्ठ्याला काही अर्थ उरत नाही, मग ते दार वाजवणारच आणि त्यात त्याची चूक नाही.

तीन ते सहा: यांना कारण सांगा. 'बाबा काम करतात' हे त्यांना काही कळत नाही, त्यांना फक्त बाबा टीव्हीसारख्या गोष्टीसमोर बसलेला दिसतो. एकदा जवळ बसवून दाखवा, हे माझ्याबरोबर काम करणारे लोक, मी यांना हे बनवून देतो, ते झालं की मी येतो. लाल खूण असताना दार कधी वाजवायचं तेही ठरवून द्या: लागलं, रक्त आलं, भीती वाटली, कोणी पडलं तर लगेच, बिनधास्त. बाकी गोष्टींसाठी दाराबाहेर एक डबा ठेवा. चित्र काढलं, काहीतरी तुटलं, काहीतरी दाखवायचंय, ते सगळं डब्यात टाकायचं आणि हिरवं झालं की बाबा सगळ्यात आधी तो डबा उघडणार. हे मला फार आवडतं, कारण मुलाची गोष्ट नाकारली जात नाही, फक्त थोडी थांबते. पण डबा खरंच उघडायचा, प्रत्येक वस्तूबद्दल विचारायचं, घाईत बाजूला ठेवायचा नाही.

शाळकरी मुलं: यांच्याबरोबर वेगळाच प्रॉब्लेम असतो, ती शाळेतून येतात ती गोष्टींनी भरून आणि तुम्ही नेमके मीटिंगमध्ये असता. शाळा सुटायची वेळ कॅलेंडरवर वीस मिनिटं ब्लॉक करून टाका. दार उघडायला तुम्हीच जा. ती वीस मिनिटं मिळाली की पुढचे दोन तास मोठी मुलं तुम्हाला बहुतेक हाक पण मारत नाहीत, आणि शाळेत काय झालं ते त्या वीस मिनिटांतच बाहेर येतं, रात्री विचारलं तर 'काही नाही' एवढंच उत्तर मिळतं.

स्क्रीनबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीनसमोर बसवू नये, आणि दोन ते चार वयात दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं चांगलं. घरून काम करताना मोबाइल हातात देणं हा सगळ्यात सोपा रस्ता असतो. माझा सल्ला असा की तो एक तास आहे तो अत्यंत गरजेच्या मीटिंगसाठी राखून ठेवा, सकाळीच खर्च करू नका. बाकी वेळेसाठी खेळण्यांची एक वेगळी पेटी करा जी फक्त बाबांच्या मोठ्या कॉललाच बाहेर निघते आणि कॉल संपला की परत जाते, नेहमी न दिसणारी खेळणी जास्त वेळ गुंतवून ठेवतात.

पायरी ५: कामाचा दिवस कापून घ्या

आठ तास सलग मिळणार नाहीत हे मान्य करा आणि मग जे तास मिळतात ते नीट वापरा. तुमच्या दिवसातले सगळ्यात शांत दोन तास शोधा. कोणाचे पहाटेचे असतात, कोणाचे मुलं शाळेत असतानाचे. त्या दोन तासांत सगळ्यात अवघड, डोकं लागणारं काम. मेल, फॉर्म, स्टेटस अपडेट, छोटे रिप्लाय हे त्या वेळेत करू नका, ते गोंगाटात पण होतं. माझ्या मते रिमोट जॉब करणाऱ्या बाबाची सगळ्यात मोठी चूक हीच, शांत वेळ मेल वाचण्यात जातो आणि मग खरं काम रात्री.

रात्रीच्या कामाबद्दल पण सांगतो. आठवड्यातून एखाद्या रात्री बसावं लागलं तर ठीक, पण रोजची सोय म्हणून रात्र वापरू नका, कारण झोप कमी झालेला बाप दुसऱ्या दिवशी पोरांवर ओरडतो, हे कुठल्याही घरात बघा.

मॅनेजरला तुमचं टाइमटेबल लेखी सांगा. लोक हे टाळतात, त्यांना वाटतं कमी सिरीयस दिसू. उलट न सांगता दुपारी साडेतीनला गायब होणं जास्त वाईट दिसतं. साधा मेसेज पुरतो:

'मी रोज ९ ते ३.३० आणि ५ ते ६.३० उपलब्ध असेन. मधल्या दीड तासात मुलं शाळेतून येतात, तेव्हा मी ऑनलाइन नसेन. काही तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलेन. शक्यतो मीटिंग ३ च्या आधी ठेवल्या तर बरं होईल.'

यात माफी मागितलेली नाही आणि लांबण पण नाही. कधी असणार, कधी नसणार आणि तातडीचं असेल तर काय, एवढ्या तीनच गोष्टी. कामाच्या वेळेनंतर मेसेज येतच राहत असतील तर त्याबद्दलही बोला. काही देशांत आता यावर कायदे आहेत, फ्रान्समध्ये कामानंतर डिस्कनेक्ट होण्याचा हक्क २०१७ पासून लागू आहे, पोर्तुगालने २०२१ मध्ये कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याला संपर्क करण्यावर कंपन्यांना बंधन घातलं. तुमच्याकडे कायदा नसला तरी टीमपुरता नियम ठरवता येतो.

पायरी ६: ऑफिसला दिसत राहा

त्याच सीट्रिपच्या प्रयोगात अजून एक गोष्ट दिसली होती, कामगिरीच्या तुलनेत बघितलं तर घरून काम करणाऱ्यांना प्रमोशन कमी मिळाली. डोळ्यासमोर नसलेला माणूस विसरला जातो. बाबा लोक याच्यावर उपाय म्हणून चोवीस तास ऑनलाइन राहतात, चॅटवर हिरवा ठिपका लावून, आणि त्याची किंमत पोरं देतात. त्यापेक्षा दर शुक्रवारी पाच ओळींचा मेल टाका: या आठवड्यात काय पूर्ण केलं, काय अडकलंय, पुढच्या आठवड्यात काय. दहा मिनिटं लागतात आणि अप्रेजलला तुमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं.

पायरी ७: काम संपलं हे सगळ्यांना कळू द्या, स्वतःलाही

ऑफिसातून घरी येताना डोकं रिकामं व्हायला रस्ता मिळायचा, आता कामाची खुर्ची ते हॉल दहा पावलं. तो रस्ता मुद्दाम बनवावा लागतो. शेवटची दहा मिनिटं उद्याची पहिली तीन कामं कागदावर लिहा, अर्धवट काम कुठे सोडलंय ते एका ओळीत लिहा, लॅपटॉप बंद करून पिशवीत किंवा ड्रॉवरमध्ये टाका. मग खाली एक चक्कर मारून या किंवा निदान तोंड धुऊन कपडे बदला. आणि मग दार उघडा. लिहून ठेवलेलं काम डोक्यात कमी फिरतं, हे करून बघा.

त्यानंतर पहिला अर्धा तास फोन लांब ठेवा, खिशात पण नको, दुसऱ्या खोलीत. जमिनीवर बसा आणि मूल जे म्हणेल ते खेळा. तुम्ही काही सुचवू नका, शिकवू नका, चुका काढू नका. तिने सांगितलं तुम्ही झाड आहात तर अर्धा तास झाड व्हा. ज्या बाबांना वेळ कमी असतो ते त्या वेळात पाढे आणि स्पेलिंग घ्यायला बसतात, मला ते पटत नाही, अभ्यासाला दुसरी वेळ काढा.

पायरी ८: आजारपण आणि सुट्ट्यांचा प्लॅन आधीच करा

मूल तापलेलं असतं त्या दिवशी वरचं काहीच चालत नाही. त्या दिवसासाठी आत्ताच ठरवून ठेवा: पहिल्या आजारपणाला कोण सुट्टी घेणार, दुसऱ्याला कोण, दोघांचा दिवस अर्धा-अर्धा वाटता येतो का, कुठली मीटिंग कोण सहकारी तुमच्यासाठी सांभाळू शकेल. ती सुट्टी खरी सुट्टी म्हणून टाका. तापलेल्या पोराला कुशीत घेऊन एका हाताने टाइप करणं हे कामालाही न्याय देत नाही आणि मुलालाही.

शाळेच्या मोठ्या सुट्टीचं टाइमटेबल वेगळं असतं, ते सुट्टी लागायच्या दोन-तीन आठवडे आधी काढायला बसा, कारण सुट्टी लागेपर्यंत पाळणाघरं आणि शिबिरं भरतात आणि आजी-आजोबांचेही स्वतःचे बेत ठरतात. मोठ्या मुलांना त्या बैठकीत बसवा, त्यांना कुठल्या वेळी तुम्ही मोकळे हवे आहात ते विचारा. बऱ्याचदा ती संध्याकाळ मागतच नाहीत, सकाळी नाश्त्याची वीस मिनिटं मागतात, आणि ती कॅलेंडरवर टाकणं तुमच्या हातात असतं.